पडद्यावरची आतषबाजी: गोळा वर जाण्यापासून ठिणगी विझेपर्यंत

सांगलीत व्हिडिओचं काम करायचं म्हटलं की फटाक्यांपासून सुटका नाही. गणपतीत मंडळाच्या एलईडी पडद्याला ते हवेत, दिवाळीत दुकानांच्या जाहिरातीला हवेत, आणि साहेबांच्या वाढदिवसाला तर बारा महिने हवेत. साहेब कुठल्याही पक्षाचे असोत, फोटोच्या दोन्ही बाजूंना फटाके उडालेच पाहिजेत. बहुतेक जण नेटवरून काळ्या पार्श्वभूमीची तयार क्लिप उतरवतात आणि चिकटवतात. तीच क्लिप मिरजेत दिसते, तीच विट्यात, तीच तासगावात.

मीही तेच करत होतो. मग एकदा स्वतः बनवायची हौस आली. तीन रात्री जागून केलेला पहिला फटाका मी कवठे एकंदच्या एका ओळखीच्या काकांना मोबाईलवर दाखवला. शोभेच्या दारूचं काम त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. त्यांनी दोनदा बघितलं, मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "रंग झ्याक आलाय. पर पडंना की रं ह्यो. वर गेलेलं खाली नको याय?"

खरंच पडत नव्हता. ठिणग्या मधून निघून एकाच वेगाने बाहेर पळत होत्या आणि हळूहळू पुसट होत होत्या. उडवणं सगळ्यांनाच जमतं. मंदावणं, झुकणं आणि विझणं जमलं की फटाका खरा वाटू लागतो. म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्यावरच आहे.

आधी एक रात्र बघण्यात घालवा

तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे रात्रभर आतषबाजी चालते. एकदा तरी जा. सुती कपडे घाला, डोळ्यांना चष्मा असू द्या आणि पुढे घुसू नका. मोबाईलने शूट करताना पडद्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग उजेड थोडा खाली ओढा. तसं केलं नाही तर अंधार बघून मोबाईल आपणहून उजेड वाढवतो आणि प्रत्येक ठिणगी पांढरीफटक होऊन बसते.

घरी येऊन ती क्लिप एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. फुटल्यावर पहिल्या काही फ्रेममध्येच फुलाचा बराचसा घेर पूर्ण होतो. त्यानंतर ठिणग्या जवळजवळ थबकतात आणि खाली झुकू लागतात. ठिणगीचा उजेड शेवटपर्यंत साधारण सारखाच असतो, मग ती एकदम विझते, कारण तिच्यातलं जळण संपलेलं असतं. हळूहळू मावळते ती तिची शेपटी. आणि सगळं संपल्यावर धूर उरतो, जो पुढचा फटाका फुटेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

फोटो बघून मात्र शिकू नका. आतषबाजीचे फोटो शटर कित्येक सेकंद उघडं ठेवून काढलेले असतात, त्यामुळे त्यात ठिणगीचा अख्खा प्रवास एका रेघेत दिसतो. व्हिडिओत अशा लांबच लांब रेघा टाकल्या की फटाक्याऐवजी छत्रीच्या काड्या दिसतात.

कशावर करायचं

मी इथे दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधलं फ्यूजन, म्हणजे इफेक्ट बनवायचा भाग, धरून सांगतोय. कारण सरळ आहे, फुकट आवृत्तीतही त्याची पार्टिकलची सगळी साधनं मिळतात. मशीनला १६ जीबी रॅम असेल तर चालतं, फ्यूजनसाठी ३२ असेल तर बरं. आफ्टर इफेक्ट्स वापरणाऱ्यांनी सीसी पार्टिकल वर्ल्ड घ्यावं. तिथे फिजिक्समध्ये एक्स्प्लोझिव्ह निवडा आणि खाली मी घर्षण म्हणेन तिथे रेझिस्टन्स समजा, गुरुत्वाकर्षण म्हणेन तिथे ग्रॅव्हिटी. ब्लेंडरमध्येही होतं, पण पहिल्याच फटाक्याला ब्लेंडर शिकायला बसलात तर दिवाळी निघून जाईल.

पार्टिकल म्हणजे काय ते दोन वाक्यांत. प्रत्येक ठिणगी हाताने न काढता, जन्म, वेग, आयुष्य आणि रंग यांचे नियम द्यायचे आणि हजारो कण त्या नियमांवर सोडून द्यायचे. ही पद्धत विल्यम रीव्ह्ज यांनी १९८३ साली एका निबंधात मांडली, आणि आजही कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मूळ कल्पना तीच आहे.

मांडणी

नवीन प्रोजेक्टमध्ये सगळ्यात आधी फ्रेम रेट २५ करा, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. नंतर बदलायला गेलात तर कटकट होते. एडिट पानावर इफेक्ट्समधून फ्यूजन कॉम्पोझिशन टाइमलाइनवर ओढा, लांबी ८ सेकंद करा म्हणजे २०० फ्रेम झाल्या, आणि फ्यूजन पानावर जा. तिथे मीडियाआउट हा एकटाच नोड, म्हणजे एकेक काम करणारा डबा, बसलेला दिसेल. शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबलं की नोड शोधायची खिडकी उघडते. त्यातून पीएमिटर, पीफ्रिक्शन, पीडायरेक्शनलफोर्स आणि पीरेंडर आणा आणि याच क्रमाने एकमेकांना आणि शेवटी मीडियाआउटला जोडा. पीरेंडरला टूडी करायला विसरू नका. तो मुळात थ्रीडीवर असतो, आणि पडद्यावर काहीच का दिसत नाही म्हणून पहिल्या दिवशी मी अर्धा तास घालवला होता.

पीएमिटरमध्ये नंबर म्हणजे दर फ्रेमला किती कण जन्मतात तो आकडा. गोळा ७५व्या फ्रेमला फोडायचा असेल तर ७४व्या फ्रेमला शून्य, ७५व्या फ्रेमला २५० आणि ७६व्या फ्रेमला परत शून्य अशा की-फ्रेम, म्हणजे ठराविक फ्रेमला बांधून दिलेले आकडे, लावा. सगळे कण एकाच क्षणी जन्मले पाहिजेत. नंबर चालूच राहिला की फटाक्याचा भुईनळा होतो.

व्हेरियन्स म्हणजे कणाकणात किती फरक पडू द्यायचा तो आकडा. अँगल व्हेरियन्स ३६० करा, आणि अँगल झेड व्हेरियन्सही ३६० करा. दुसरा राहिला तर सगळे कण एकाच सपाट पातळीत पसरतात, आणि फूल गोल न दिसता थाळीसारखं दिसतं. नवख्यांच्या दहापैकी आठ फटाक्यांत हीच चूक असते असं म्हणायचा मोह होतो, पण मोजलेलं नाही.

ब्रेक

फ्यूजनमध्ये व्हेलॉसिटी १ ठेवली तर कण १०० फ्रेममध्ये चित्राची पूर्ण रुंदी ओलांडतो. म्हणजे दर फ्रेमला रुंदीचा शंभरावा भाग. १ पासून सुरुवात करा. व्हेलॉसिटी व्हेरियन्स अगदी कमी ठेवा, ०.१ च्या आसपास. खऱ्या गोळ्यात तारे, म्हणजे रंगीत जळणाऱ्या छोट्या गोळ्या, मधल्या स्फोटक दारूभोवती रचलेले असतात, त्यामुळे सगळे जवळपास सारख्याच वेगाने सुटतात आणि आतून पोकळ असा चेंडू तयार होतो. व्हेरियन्स वाढवलं की चेंडू आतून भरतो आणि कापसाच्या बोंडासारखा दिसू लागतो.

आता घर्षण. हलकी, जळत जाणारी ठिणगी हवेत फार लांब जाऊ शकत नाही, हवा तिला चटकन अडवते. दर फ्रेमला वेग ५ टक्क्यांनी घटतोय असं धरा. तर साधारण १४ फ्रेममध्ये, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळात, वेग निम्मा होतो. रुंदीच्या शंभराव्या भागाने निघालेला कण अशा हिशोबाने रुंदीच्या पाचव्या भागापर्यंत जाऊन थकतो. म्हणजे फुलाचा व्यास चित्राच्या रुंदीच्या ४० टक्के. पीफ्रिक्शनमधला व्हेलॉसिटी फ्रिक्शन ०.०५ वरून सुरू करा आणि मग आकडा विसरून डोळ्यांनी बघा. फूल 'फट्' करून उघडलं आणि मग श्वास रोखल्यासारखं थांबलं, तर जमलं. फुगा फुगवल्यासारखं सावकाश मोठं होत असेल तर वेग आणि घर्षण दोन्ही वाढवा. एकच वाढवून भागत नाही.

गुरुत्वाकर्षण म्हणजे फटाक्याचं माप

काकांचं ऐकून मी घरी आलो आणि गुरुत्वाकर्षण दणकून वाढवलं. फटाका पडायला लागला, पण आकाशातला गोळा एकदम हातातल्या फुलबाजीएवढा दिसू लागला. दोन दिवस कळेना. मग वहीवर हिशोब केला.

समजा तुमचं फूल ६० मीटर व्यासाचं आहे आणि ते चित्राच्या ४० टक्के रुंदीत बसतं. म्हणजे चित्राची रुंदी झाली १५० मीटर. मोकळी सोडलेली वस्तू २ सेकंदांत साधारण २० मीटर खाली येते, हा शाळेतला हिशोब. १५० पैकी २० म्हणजे रुंदीच्या सातव्या भागाहूनही कमी. हवेचा विरोध धरला तर त्याहूनही कमी. म्हणजे मोठा गोळा फुटल्यावर २ सेकंदांत, ५० फ्रेममध्ये, ठिणग्या जेमतेम एवढ्याच झुकायला हव्यात.

आता फुलबाजीकडे बघा. तिच्या ठिणग्यांचा घेर हातभर. त्यातून सुटलेली मोठी ठिणगी अर्ध्या सेकंदात तो घेर ओलांडून खाली गेलेली असते. ठिणगी किती वेगाने पडते यावरून आपला डोळा नकळत तिचं माप ठरवतो. म्हणून पीडायरेक्शनलफोर्सची दिशा उणे ९० म्हणजे सरळ खाली ठेवा आणि स्ट्रेंग्थ अगदी थोडी देऊन वाढवत न्या. ५० फ्रेमनंतर चेंडूचा मध्य किती घसरला ते पडद्यावर पट्टी लावून मोजा. मी खरोखरच पट्टी लावतो. मंडळाच्या पडद्यावर फटाका आभाळाएवढा वाटायला हवा असेल तर गुरुत्वाकर्षण कमी आणि आयुष्य जास्त. साहेबांच्या फोटोशेजारी भुईनळा उडवायचा असेल तर उलट.

आयुष्य म्हणजे लाइफस्पॅन ५५ फ्रेम आणि व्हेरियन्स १० ठेवा. फेड कंट्रोल्समध्ये विझणं शेवटच्या दहाव्या भागातच ठेवा, म्हणजे ठिणगी जवळजवळ एकदम विझेल.

गोळा वर जाताना

खरा गोळा १०० मीटर वर जाऊन थांबायला, हवेचा विरोध सोडून दिला तरी, साधारण साडेचार सेकंद लागतात, आणि तो शिखराच्या जरा आधी किंवा आसपास फुटतो. आपण त्याला ३ सेकंद देऊ. त्यासाठी दुसरा पीएमिटर घ्या, त्याची जागा खालून फुटायच्या बिंदूपर्यंत ७५ फ्रेममध्ये की-फ्रेमने न्या आणि स्प्लाइनमध्ये, म्हणजे की-फ्रेमच्या आलेखात, शेवट मऊ करा, म्हणजे गोळा वर जाताजाता मंदावेल. ठिणग्या अगदी थोड्या, दर फ्रेमला ३-४, आयुष्य १५ फ्रेम. रेघ सरळ ठेवू नका, बारीकशी वाकडी करा. फुटण्याआधी दोन-तीन फ्रेम पूर्ण काळोख ठेवलात तर फुटण्याला जोर येतो.

शेपट्या

शेवंतीसारखं फूल हवं असेल तर प्रत्येक ठिणगीला शेपटी लागते. बिनशेपटीचं फूलही सुंदर दिसतं, तो प्रकार वेगळा. शेपटीसाठी पीस्पॉन नोड जोडा, म्हणजे प्रत्येक कण स्वतःच कण सोडायला लागतो. नंबर २, आयुष्य १५ फ्रेम, आकार मूळ ठिणगीच्या एक तृतीयांश आणि व्हेलॉसिटी ट्रान्सफर जवळजवळ शून्य. शेपटी जिथे सुटली तिथेच तरंगली पाहिजे. मूळ ठिणगीचा वेग तिला दिला तर ती ठिणगीबरोबरच पळते आणि शेपटी दिसतच नाही.

इथे मशीनकडे लक्ष द्या. २५० ठिणग्या, दर फ्रेमला दोन-दोन कण, १५ फ्रेम आयुष्य, म्हणजे एका वेळी साडेसात हजार कण. एवढं चालतं. नंबर २० केलात तर पंचाहत्तर हजार होतील आणि लॅपटॉपचा पंखा खऱ्या रॉकेटसारखा आवाज करेल.

रंग कुठून येतो

लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, निळा तांब्याचा. रुपेरी ठिणग्या टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमच्या, आणि सोनेरी शेपट्या कोळशाच्या आणि लोखंडाच्या. हे माहीत असलं की रंग निवडताना हात आपोआप आवरतो. तांब्याचा निळा देणारी संयुगं जास्त उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून खरा निळा फटाका मंद आणि जांभळटच असतो. चकचकीत आकाशी निळा दिसला की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं आहे हे कळतं.

ताऱ्यांचा रंग शेवटपर्यंत तोच ठेवा. शेपटीला मात्र कलर ओव्हर लाइफमध्ये पांढरट पिवळा, मग केशरी, मग गडद तांबडा असा उतार द्या, कारण कोळशाची ठिणगी निवत निवत विझते. आणि फुटण्याच्या पहिल्या चार-पाच फ्रेम मधला भाग जवळजवळ पांढरा असू द्या. खरा कॅमेरा तिथे रंग पकडूच शकत नाही, रंग फक्त कडांना उरतो.

चकाकीसाठी सॉफ्टग्लो लावा, पण थ्रेशोल्ड, म्हणजे किती उजळ भागापासून चकाकी लागावी ती मर्यादा, चढा ठेवा, म्हणजे सगळ्या चित्रावर दूध सांडल्यासारखं होणार नाही. कणांचं चित्र ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवा. पार्श्वभूमीवर जोडताना, दोन चित्रं एकत्र करणाऱ्या मर्ज नोडचा अल्फा गेन शून्य करा. त्यामुळे फटाका पार्श्वभूमीला झाकत नाही, तिच्यात उजेडाची भर घालतो, आणि खऱ्या उजेडाचं वागणं तसंच असतं.

धूर, पूल आणि पाणी

काळ्या पडद्यावर फटाका किती का चांगला असेना, तो क्लिपच राहतो. त्याला जागा द्या. मी कृष्णेच्या घाटावरून आयर्विन पुलाचा रात्रीचा फोटो तिपाईवर काढून ठेवलाय. १९२९ सालचा हा पूल. पावसाळ्यात सगळी सांगली त्याच्याकडे फक्त पुराच्या पाण्याच्या फुटांत बघते, ४० इशारा, ४५ धोका. एरवी तो देखणा आहे.

फोटो मर्जच्या मागे जोडा आणि त्याच्यावर ब्राइटनेस काँट्रास्ट नोड लावून गेनला की-फ्रेम द्या: फुटण्याच्या फ्रेमला चढलेला, १५ फ्रेममध्ये परत मूळ जागी. फटाका लाल असेल तर त्या उजेडात लाल झाक हवी. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो हजार जास्तीच्या कणांनी पडत नाही. कोणी घाईत असेल तर मी त्याला शेपट्या सोड म्हणतो, पण हे सोडू नको.

धुरासाठी फास्टनॉइझ नोड घ्या, त्याला मऊ कडांचा गोल मास्क लावा, सीद रेट थोडा द्या म्हणजे धूर आतल्या आत हलेल, आणि सगळा गोळा वाऱ्याच्या दिशेने अगदी सावकाश सरकवा. धूर स्वतः उजळत नाही. फटाका फुटला की त्याच्या रंगात उजळतो आणि परत काळोखात जातो. गेनची तीच की-फ्रेम इथेही वापरता येते. वारा एकच असतो, म्हणून सगळे धूर एकाच बाजूला गेले पाहिजेत. माझ्या एका कामात दोन धूर एकमेकांसमोर चालत आले होते. गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही, त्यांच्या शाळकरी मुलीच्या आलं.

प्रतिबिंबासाठी तयार फटाका ट्रान्सफॉर्म नोडने उलटा करा, फास्टनॉइझ जोडलेल्या डिस्प्लेस नोडने हलवा आणि उभ्या दिशेने धूसर करा. पाण्यातला उजेड आडवा पसरत नाही, आपल्याकडे लांबत येतो. घाटाजवळ पाणी संथ असतं, तिथे हलणं कमी ठेवा.

एकाचे अनेक

एक फटाका जमला की त्याची नक्कल करून सात-आठ करायचा मोह होतो. नक्कल करा, पण प्रत्येक पीएमिटरमधलं रँडम सीड, म्हणजे कण कसे विखुरतील ते ठरवणारा आकडा, बदला. नाहीतर प्रत्येक फुलात डावीकडची तीच एक ठिणगी जरा पुढे गेलेली दिसते, आणि एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही. आकार बदललात तर गुरुत्वाकर्षणही बदला, कारण वर केलेला मापाचा हिशोब प्रत्येकाला लागू आहे. दूरचा फटाका छोटा, सावकाश झुकणारा आणि जरा मळकट. वेळ सारख्या अंतराने ठेवू नका. दोन पाठोपाठ, मग शांतता, मग एक मोठा, असं काहीतरी.

आवाज शेवटी जोडा, पण जोडा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फटाका पुलापलीकडे ३४० मीटरवर फुटतोय असं चित्र असेल तर धमाका २५ फ्रेम उशिरा ऐकू आला पाहिजे. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमवर ठेवलात तर फटाका पडद्याला टेकून फुटल्यासारखा वाटतो. वर जाण्याआधी नळीतून सुटल्याचा जो 'ठप्प' आवाज येतो तोही घाला. तो बहुतेक जण विसरतात.

बाहेर काढताना

डिलिव्हर पानावरून एच.२६४ मध्ये काढा, १०८० साठी बिटरेट २० मेगाबिटच्या पुढे ठेवा. बारीक कण म्हणजे कॉम्प्रेशनचा शत्रू, कमी बिटरेटमध्ये त्यांचे चौकोन होतात. व्हॉट्सअ‍ॅपवर जाणाऱ्या व्हिडिओचं तर आणखी पीठ होतं, म्हणून वाढदिवसाच्या स्टेटससाठी मी वेगळी आवृत्ती करतो: कण निम्मे, आकार दीडपट, शेपट्या आखूड, धूर नाही. धुराच्या सौम्य छटांचे पट्टे पडतात, त्यावर थोडी फिल्म ग्रेन टाकली तर मोठ्या पडद्यावर ते लपतात.

मंडळाच्या एलईडी पडद्यासाठी काम असेल तर दुपारीच पेन ड्राइव्ह घेऊन मांडवात जा आणि पडदेवाल्या दादांना एकदा लावून दाखवायला सांगा. लॅपटॉपवर काळं दिसणारं आभाळ तिथे राखाडी दिसू शकतं, आणि दोन ठिपक्यांतलं अंतर जास्त असलेल्या पडद्यावर बारीक शेपट्या गायबच होतात. संध्याकाळी आरतीनंतर कळलं तर काहीच करता येत नाही. दुपारी कळलं तर कणांचा आकार वाढवून परत रेंडर करायला वेळ असतो. माझ्या लॅपटॉपवर ८ सेकंदांना ४० मिनिटं लागतात, तुमच्याकडे किती लागतात ते आधी मोजून ठेवा.